पाहुणा टेकेपर्यंत

पेरुथ कोबुसिंगेची नोकरी घेवडा शिजताना ऐकण्याची होती. डोंगरमाथ्यावरच्या संशोधन केंद्रात, कोपऱ्यातल्या एका खोलीत, एक यंत्र होतं. पितळी चकतीला पंचवीस भोकं, प्रत्येक भोकात एक दाणा आणि प्रत्येक दाण्यावर टेकलेली एक जड सळई. चकती उकळत्या पाण्यात सोडायची. दाणा मऊ झाला की सळईचं टोक त्यात घुसायचं आणि सळई टक्कन खाली बसायची. विसावी सळई बसली की घड्याळ थांबवायचं आणि मिनिटं रजिस्टरात लिहायची. याला शास्त्र म्हणतात. हेच काम घरी केलं तर त्याला स्वयंपाक म्हणतात आणि त्याचा पगार मिळत नाही.

ती मूळची समोरच्याच धारेवरची. सहावीपर्यंत शिकली, कारण सातवीच्या वर्षी धाकट्या भावाला सांभाळायला कोणीतरी हवं होतं आणि घरात तेवढी एकच मोकळी दिसत होती. एरिसाशी लग्न झालं तेव्हा सासरची जमीन म्हणजे चार डोंगरांवर विखुरलेल्या सात पट्ट्या होत्या. वाटण्यांवर वाटण्या होत गेल्या की असंच होतं. एका पट्टीवरून दुसरीवर जाईपर्यंत अर्धा दिवस जायचा आणि उरलेल्या अर्ध्यात काय पेरायचं ते पेरायचं. घेवडा पेरायचा, रताळी लावायची. वरच्या पट्टीवर बटाटे. डोंगरांवरची झाडं आजोबांच्या पिढीनं शेतीसाठी तोडली होती, उरलेली बापांच्या पिढीनं जळणासाठी, आणि आता जी निलगिरी उभी होती ती दुसऱ्यांच्या मालकीची होती. आमचा घेवडा वेलाचा. त्याला चढायला काठी लागते. मग शिजायला तीन तास लाकूड लागतं. म्हणजे एकच पीक दोनदा जंगल खातं, एकदा उभ्यानं आणि एकदा चुलीवर. ही गोष्ट डोंगरातल्या प्रत्येक बाईला पाठीवरच्या मोळीमुळे ठाऊक होती. केंद्राला ती कळायला बरीच वर्षं आणि तीन परदेशी प्रकल्प लागले.

चोविसाव्या वर्षी पेरुथ केंद्रात रोजंदारीवर खुरपायला लागली. पुढे दाणे निवडायला बसवलं. तिला आकडे वाचता येतात आणि ती खुर्चीवर बसली की उगाच उठत नाही, हे दोन गुण पाहून डॉक्टर न्दियानाबोंनी तिला शिजवण्याच्या खोलीत आणलं.

डॉक्टर न्दियानाबो केंद्राचे मुख्य पैदासकार. उंच, हळू बोलणारे, डोक्यावर कायम टोपी. घेवड्यावर त्यांनी तीस वर्षं घालवली होती. परदेशात त्यांच्या नावाला मान होता आणि जगातल्या कुठल्याही घेवड्याचं पान दाखवलं तर ते त्याची तीन पिढ्यांची कुळी सांगत. फक्त तो त्यांना पचत नसे. दोन चमचे पोटात गेले की दुपारभर खोलीचं दार लावून बसावं लागे. म्हणून दुपारी ते उकडलेला बटाटा आणि दूध घेत, आणि घेवड्याच्या चवीबद्दलचा रकाना इतरांवर सोपवत. आपल्या डोंगरातल्या माणसांचं पोट भरावं, ही तळमळ मात्र त्यांची अगदी खरी होती. ती त्यांनी चौकटीत बसवून भिंतीवर टांगली होती. चांगल्या वाणाचे बारा निकष. पहिला उत्पन्नाचा, दुसरा मूळकुजीचा, मग करपा, मग दाण्याचा आकार, मग रंग. शिजायचा वेळ अकरावा. बारावा होता ‘इतर’.

एके दिवशी तपासणीला एक वाण आला. राखेच्या रंगाचा, त्यावर लालसर ठिपके, कोणीतरी तंबाखू थुंकल्यासारखा. पेरुथनं रात्रभर भिजवलेले दाणे मोजून घेतले, चकतीत बसवले, सळया टेकवल्या आणि चहा प्यायला कप उचलला. दुसरा कप संपायच्या आत सळया टकाटक बसायला लागल्या. विसावी बसली तेव्हा घड्याळात एकतीस मिनिटं झाली होती.

तिला वाटलं घड्याळ बिघडलं. तिनं शेजारच्या खोलीतून दुसरं आणलं. पुन्हा एकतीस. तिसऱ्यांदा तेहतीस. ती खुर्चीवरून उठली, आणि ती उठली हेच पाहून वऱ्हांड्यातल्या दोघा-तिघांनी काय झालं म्हणून विचारलं.

डॉक्टरांनी रजिस्टर नीट वाचलं. डोळ्यांवरचा चष्मा काढून पुन्हा वाचलं. मग म्हणाले, “छान आहे. पण हा बाद झालाय.”

“का, डॉक्टर?”

“उत्पन्न सात टक्के कमी. आणि रंग बघ ना. हा रंग बाजारात कोण घेईल? व्यापाऱ्यांना लाल हवा. आम्ही विचारलंय त्यांना.”

“व्यापारी शिजवतात का घरी?”

डॉक्टर हसले. त्यांना पेरुथ आवडायची. “शिजवणाऱ्या बायकांचा विचार पुढच्या टप्प्यात आहे,” ते म्हणाले. “प्रकल्पात तसं लिहिलंय. आधी वाण पक्का होऊ दे.”

म्हणजे आधी जेवण ठरणार होतं आणि मग खाणाऱ्याला विचारणार होते. पेरुथनं रजिस्टर मिटलं. रोजंदारीवरून कायम होण्याचा तिचा कागद त्याच महिन्यात राजधानीला गेला होता.

बाद झालेलं बी केंद्राच्या मागे खड्ड्यात जाळायचं आणि तसं रजिस्टरात लिहायचं, असा नियम. केंद्राचं बी परवानगीशिवाय बाहेर जाऊ नये, हा त्याहून मोठा नियम, फाटकावर पाटी लावलेला. त्या आठवड्यात जाळायची पाळी पेरुथची होती. तिनं जाळलं. फक्त एक मूठ डोक्यावरच्या फडक्याच्या गाठीत राहिली. फाटकावरचा पहारेकरी सगळ्यांच्या पिशव्या मन लावून तपासायचा, कारण केंद्रातून टाचण्या फार चोरीला जात. बायकांची डोकी तपासावीत असं त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

चौथ्या डोंगरावरच्या सगळ्यात लांबच्या पट्टीवर तिनं ते दाणे लावले, काठ्यांच्या जागी हत्तीगवताचे सुकलेले दांडे रोवून. पहिल्या हंगामाचं सगळं बियाण्याला ठेवलं. दुसऱ्या हंगामात एक डबाभर घरी शिजवायला आणलं. एरिसा गाय बांधून येतो म्हणून गेला. आला तेव्हा पातेलं चुलीवरून उतरलेलं. त्यानं एक घास घेतला आणि हात थांबवला.

“हा कालचा आहे,” तो म्हणाला.

“आत्ताचा आहे.”

“मी दहा पावलं गेलो नि आलो. मला शिळं वाढतेस?”

तिनं त्याला दुसऱ्या दिवशी चुलीसमोर बसवलं. लग्नाला सोळा वर्षं झाली होती आणि एरिसा चुलीसमोर पहिल्यांदाच बसला होता. धुरानं डोळ्यांत पाणी आलं तरी उठला नाही. दाणा बोटांत चिरडून बघितला आणि मग आपणच काहीतरी शोध लावल्यासारखा शेजारी सांगत सुटला.

शेजारीण मीडियस डबा घेऊन बियाणं मागायला आली. ते कुठून आलं, हे तिनं विचारलं नाही. आमच्याकडे बियाण्याला कुठून आलं विचारत नाहीत. दुसऱ्याच्या गरोदर मुलीला जसं विचारत नाहीत, तसंच. मीडियसनं ते बहिणीला दिलं, बहिणीनं लग्नात लेकीबरोबर टोपलीतून पाठवलं, लेकीच्या सासरी कुणाच्या तरी मयतीला आलेल्या बायका फडक्यात बांधून घेऊन गेल्या. चार वर्षांत ते तळ्यापलीकडे पोचलं, सहाव्या वर्षी सरहद्द ओलांडून शेजारच्या देशात गेलं. कुठल्याही खात्याची परवानगी न घेता. नाव मात्र मीडियसनंच दिलं. तिचा दीर एकदा न सांगता जेवायला टपकला. बसला, तब्येत विचारली, गाईची विचारपूस केली, आणि तोवर समोर थाळी. तेव्हापासून डोंगरात त्या घेवड्याला ‘पाहुणा टेकेपर्यंत’ म्हणायला लागले. व्यापारी जो रंग घेणार नव्हते तोच रंग बाजारात बायका लाल घेवड्यापेक्षा दोन पैसे जास्त देऊन घ्यायला लागल्या. मग व्यापाऱ्यांनाही तो रंग पहिल्यापासून आवडत होता असं निघालं.

याच काळात केंद्रानं आपला अधिकृत वाण बाहेर काढला. मोठा, लाल, गुळगुळीत, दागिन्यासारखा. बाराही निकषांवर मिळून अव्वल. त्याच्या समारंभाला एक मोठे पुढारी गाड्यांचा ताफा घेऊन आले, मंडप पडला, घेवड्याचं चित्र असलेले सदरे आणि टोप्या वाटल्या. बियाण्याचं एकेक पाकीट फुकट. पेरुथनं त्या वाणाची मिनिटं तीन वेळा मोजून लिहिली होती, एकशे अठ्ठ्याहत्तर, पण ती अकराव्या निकषात होती आणि समारंभात कोणी अकराव्यापर्यंत पोचलं नाही. लोकांनी पाकीट घेतलं, एक हंगाम लावलं, दुसऱ्या हंगामात निवासी शाळेला विकलं. शाळेच्या स्वयंपाकघरात मोळ्या मुलंच आणत, त्यामुळे शाळेची तक्रार नव्हती. सदरे मात्र फार टिकाऊ निघाले. पुढची सात-आठ वर्षं डोंगरात बायका लाल घेवड्याचा सदरा घालून राखी घेवड्याला काठ्या लावत होत्या. केंद्राच्या अहवालात या डोंगरांवर नव्या वाणाचा प्रसार ‘दृश्यमान’ असल्याची नोंद आहे.

पेरुथ कायम झाली. थोरला मुलगा अमोस आणि धाकटी मुलगी शिकून तालुक्याला गेली. डॉक्टर न्दियानाबो निवृत्त झाले, त्यांना घड्याळ आणि एक आरामखुर्ची मिळाली. त्यांच्या जागी राजधानीहून डॉक्टर सेम्पिजा आले. पस्तिशीचे, चपळ, परदेशातून नुकतेच परतलेले, बुटांना चिखल लागला की आनंदानं फोटो काढणारे. त्यांनी आल्या आल्या भिंतीवरची निकषांची चौकट उतरवली. पुढचा टप्पा आला होता. आता पैसे देणाऱ्यांना जळण, धूर, बायकांची पाठ आणि हवामान या चारही गोष्टींची एकदम काळजी वाटायला लागली होती आणि शिजायचा वेळ अकराव्यावरून पहिल्यावर चढला होता.

सेम्पिजांनी प्रयोगशाळेत न बसता थेट बाजार पालथे घातले. हे त्यांचं खरंच चांगलं होतं. तिसऱ्या बाजारात त्यांना राखी, ठिपक्यांचा घेवडा दिसला. नाव विचारलं, अर्थ विचारला आणि दोन किलो घेऊन धावतच केंद्रात आले. पेरुथनं दाणे भिजवले, चकतीत बसवले. एकतीस मिनिटं.

डॉक्टर खुर्चीत बसले आणि त्यांनी डोक्याला हात लावला. मग बायकांना मानानं हाक मारतात तसं म्हणाले, “न्याबो, कळतंय का तुम्हाला? जे आम्ही वीस वर्षं शोधतोय, ते या डोंगरातल्या बायकांनी शेकडो वर्षं जपून ठेवलंय. पारंपरिक ज्ञान म्हणतात ते हे.”

पेरुथनं घड्याळ शून्यावर आणलं. शेकडो वर्षं हा जरा मोठा आकडा होता. तिनं हिशेब केला तर सतरा भरत होती. आता कायमची नोकरी होती, आणि कामावरून काढायला कोणी टपलेलं नव्हतं. तेव्हा तिनं सरळ सांगून टाकलं, की हा घेवडा इथलाच आहे, याच खोलीत शिजला होता, बाद झाला होता, आणि मीच तो फडक्यात बांधून नेला.

सेम्पिजांनी ते फार आदरानं ऐकून घेतलं. त्यांचे डोळे पाणावले. म्हणाले, “मी सहा गावांत फिरलो, न्याबो. प्रत्येक बाई म्हणते हा घेवडा माझ्यामुळे आला. एकीनं सांगितलं आजीच्या टोपलीत होता, एक म्हणाली स्वप्नात दिसला. आता तुम्हीही. हेच तर सुंदर आहे.” आणि त्यांनी वहीत लिहून घेतलं, सामूहिक मालकीची भावना, केंद्राच्या कर्मचाऱ्यांतही आढळते.

ती जुनं रजिस्टर शोधायला गेली. जुनी रजिस्टरं संगणकावर चढवण्यासाठी राजधानीला नेली होती. संगणकावर ती चढली नव्हती आणि डोंगरावर परतही आली नव्हती. मधे कुठेतरी होती.

सेम्पिजा अर्थात नुसत्या भावनेवर चालणारे नव्हते. त्यांनी दाण्यांचा नमुना परदेशातल्या प्रयोगशाळेत रक्ताची नाती तपासायला पाठवला. आठ महिन्यांनी निकाल आला. हा राखी घेवडा आणि केंद्राच्या जुन्या पैदाशीतले वाण सख्खे नातेवाईक निघाले. पेरुथला वाटलं, सुटले. कागदच बोलतोय आता.

कागद बोलला, पण सेम्पिजांच्या भाषेत. ते दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सगळ्यांना जमवून त्यांनी जड आवाजात सांगितलं की सत्य अत्यंत लाजिरवाणं आहे. या केंद्रानं पूर्वी कधीतरी डोंगरातल्या बायकांकडून हा घेवडा उचलला, आपल्या पैदाशीत वापरला आणि त्यांचं नावही घेतलं नाही. ही चोरी आहे. केंद्र त्या बायकांची जाहीर माफी मागेल.

चोरी झाली होती हे खरंच होतं. फक्त चोर आणि धनी यांची अदलाबदल झाली होती, आणि जी खरी चोर होती तिला माफीच्या कार्यक्रमात पुढच्या रांगेत बसवायचं ठरलं. तीस वर्षांची जुनी कर्मचारी, डोंगरातली बाई, बोलायला धीट. डोंगरातल्या सगळ्या स्त्रियांच्या वतीनं माफी पेरुथ कोबुसिंगे स्वीकारतील, असं पत्र निघालं.

पत्र हातात आल्यावर तिला पहिल्यांदा घाबरल्यासारखं झालं. चोरी पचली होती, पण हे पचेना. ती मोटारसायकलवाल्याच्या मागे बसून तळ्याकाठी गेली. डॉक्टर न्दियानाबो तिथे दोन गाई आणि ती आरामखुर्ची घेऊन राहत होते. तिला बघून ते खूश झाले, ज्वारीची आंबील आणवली. तिनं कपाला हात न लावता सगळं सांगितलं. फडक्यातली मूठ, चौथा डोंगर, मीडियस, बाजार, सगळं.

ते रागावतील असं तिला वाटलं होतं. त्यांनी नुसतं विचारलं, “कुठला राखी?”

“ठिपक्यांचा. एकतीस मिनिटांचा. तुम्ही म्हणालात रंग कोण घेईल.”

त्यांनी बराच वेळ आठवायचा प्रयत्न केला. मग म्हणाले, “नाही आठवत, पेरुथ. मी चार हजारांच्या वर वाण बाद केलेत.”



“चार हजार,” ते पुन्हा म्हणाले. “त्यातला एक तुझ्या फडक्यात गेला. बाकीचे तूच जाळलेस ना?”

“मी, रोझेट, आणि ती पायानं अधू होती ती. आम्ही तिघी.”

“त्यांतले किती तुम्हाला शिजवून बघावेसे वाटले असते?”

हे त्यांनी टोचून विचारलं नव्हतं. खरंच विचारलं होतं, आणि त्यामुळे पेरुथला उत्तर देणं जड गेलं. चाळीस-पन्नास तरी, असं ती म्हणाली. म्हाताऱ्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. तीस वर्षांत तिनं त्यांचं डोकं पहिल्यांदाच पाहिलं. पूर्ण पांढरं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी केंद्राला तीन पानी पत्र लिहिलं. हा वाण आमच्याच पैदाशीतला असून तो मी माझ्या अक्कलहुशारीनं बाद केला होता, तो वाचवण्याचं श्रेय श्रीमती कोबुसिंगे यांचं आहे, असं स्वच्छ अक्षरात. केंद्रात पत्र आदरानं वाचलं गेलं. निवृत्त माणसाला शेवटी शेवटी सगळं आपणच केल्यासारखं वाटतं, असं कोणीतरी म्हणालं. पत्र फाइलला लागलं आणि न्दियानाबोंना कार्यक्रमाचं आमंत्रण गेलं, तिसऱ्या रांगेतलं.

कार्यक्रमाला मंडप होता, परदेशी पाहुणे होते, शाळेच्या मुलींचा नाच होता. सेम्पिजांनी इंग्रजीत माफी मागितली आणि ती मागताना त्यांचा आवाज खरोखर कापला. माणूस सच्चा होता, चूक एवढीच की चुकीच्या बाजूनं सच्चा होता. मग डोंगरातल्या समस्त स्त्रियांना भरपाई म्हणून एक शेळी देण्यात आली. स्त्रिया हजारोंनी होत्या, शेळी एक होती. पेरुथनं तिची दोरी हातात घेतली, आणि तिला बोलायला उभं केलं. शेजारी माहिती अधिकारी ट्वेबाझे भाषांतर करायला.

पेरुथ आपल्या भाषेत म्हणाली, “आमचं कोणी काही चोरलं नाही. हा घेवडा इथूनच आला. या इमारतीतून. मीच नेला.”

ट्वेबाझेनं घसा साफ केला. “त्या म्हणतात,” तो इंग्रजीत म्हणाला, “हा घेवडा इथूनच आला, या मातीतून. आम्ही तो पिढ्यानपिढ्या वाहून नेला.”

टाळ्या पडल्या. पेरुथला इंग्रजी बोलता येत नव्हतं, पण एकोणतीस वर्षं डॉक्टरांच्या बैठकांत चहा देऊन कळायला लागलं होतं. तिनं ट्वेबाझेकडे बघितलं. त्यानं डोळ्यांनीच विनवलं, की पाहुण्यांची गाडी तीन वाजता आहे. तिनं पुन्हा सांगितलं, आणखी सोपं करून. “हे बी केंद्राचं आहे. मी केंद्रातून घेतलं.”

“आणि आता,” ट्वेबाझे म्हणाला, “हे बी केंद्राचं आहे. त्या ते केंद्राला देत आहेत.”

या वेळी लोक उभे राहिले. तिसऱ्या रांगेत न्दियानाबोही उभे राहिले, पण टाळी वाजवायला नव्हे. त्यांनी हात वर करून काहीतरी दुरुस्त करायची खटपट केली. माइक त्यांच्यापर्यंत पोचायच्या आत जेवणाची घोषणा झाली. जेवायला मटण होतं, भात होता, हिरव्या केळ्यांचा लगदा होता. घेवडा नव्हता. घेवडा पाहुण्यांना कसा वाढायचा, असं आचाऱ्याचं म्हणणं पडलं.

पेरुथ शेळी घेऊन चालत घरी गेली. एरिसानं विचारलं काय झालं, तर म्हणाली, मी दोनदा कबूल केलं, दोन्ही वेळा निर्दोष सुटले.

सोमवारी ती सेम्पिजांच्या खोलीत गेली. आता तिला श्रेय नको होतं आणि शिक्षाही नको होती. तिनं सांगितलं की यापुढे बाद झालेला प्रत्येक वाण जाळण्याआधी एकदा तरी घरच्या पातेल्यात, घरच्या चुलीवर, घरच्या बाईकडून शिजवून घ्या. सेम्पिजांना ही कल्पना इतकी आवडली की त्यांनी जागच्या जागी तिच्यासाठी समिती नेमली. समितीच्या नियमावलीचा मसुदा मंजुरीला राजधानीत गेला, आणि रजिस्टरं जिथे होती तिथेच बहुधा तोही आहे.

तेव्हापासून शुक्रवारी खड्डा पेटतो. त्यात वाळलेले वेल आणि शेंगांची टरफलं जळतात, धूर भरपूर होतो, आणि रजिस्टरात ‘नष्ट केले’ असं पेरुथच्या अक्षरात लिहिलं जातं. संध्याकाळी सुट्टी झाली की खुरपणाऱ्या, निवडणाऱ्या, झाडणाऱ्या सगळ्या बायका फाटकातून बाहेर पडतात, आणि त्यांची फडकी जरा जास्त घट्ट बांधलेली असतात. बाहेर जांभळीच्या झाडाखाली डॉक्टर न्दियानाबो आरामखुर्ची टाकून बसलेले असतात. ती खुर्ची ते मोटारसायकलवर बांधून आणतात. मांडीवर वही असते. मागच्या शुक्रवारी नेलेलं बी कसं निघालं, ते प्रत्येकीला विचारतात आणि ती सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहितात. हा फुटून पिठासारखा होतो. हा मुलांनी थाळीत तसाच टाकला. याचं पाणी पांचट. सुरुवातीला बायका लाजायच्या. आता एकमेकींचं म्हणणं खोडून काढतात, आणि डॉक्टर मधे बोलायला गेले तर त्यांना थांबायला सांगतात.

पहिल्या वर्षी एकोणीस वाण असे बाहेर गेले. अठरांबद्दल बायकांचं एकमत झालं की केंद्रानं बाद केले ते बरोबरच केले, उलट आधीच करायला हवे होते. म्हाताऱ्याला त्याचं कोण समाधान झालं. एकोणिसावा मीडियसकडे आहे. तिनं तो वरच्या पट्टीवर लावलाय आणि कसा आहे विचारलं तर अजून काही सांगत नाही. हंगाम निघेपर्यंत कोणी विचारू नका, म्हणते.